येसूबाईंचा पहिला भाग

राजघराण्यावरची मालिका एका पाटीने सुरू होते. नाट्यमयतेसाठी काही प्रसंगांत स्वातंत्र्य घेतलं आहे, कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही, अशा अर्थाचा मजकूर बारीक अक्षरांत येतो आणि वाचून होण्याआधीच निघून जातो. मग तुतारी, मशाली, गडाचा दरवाजा. साधारण पाचव्या मिनिटाला एक राणी दिसते. तिच्या डोळ्यांत काजळ जरा जास्त असतं, मागचं संगीत बदलतं आणि सोफ्यावरच्या आजीला कळतं, की पुढची दोन-तीन वर्षं राग कुणाचा करायचा.

ठाण्यात कोपरीतल्या आमच्या इमारतीत यावरून सध्या दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षात माझी ताई. ती मालिकांचे संवाद लिहिते. घोडबंदर रोडवरच्या कुठल्या बंगल्यात कुणाचं सासर आहे आणि कुणाचं माहेर, हे तिला पाठ. दुसऱ्या पक्षात दुसऱ्या मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त झालेले. तरुणपणी 'रायगडाला जेव्हा जाग येते'च्या हौशी प्रयोगांना ते प्रॉम्प्टर होते, त्यामुळे समोरच्याचं वाक्य अर्ध्यात आलं की पुढचं अर्धं आपण पुरवायचं, ही सवय त्यांना अजून आहे.

कारण असं घडलं, की एका वाहिनीने ताईकडे संभाजीराजांच्या महाराणी येसूबाईंवरच्या मालिकेच्या पहिल्या भागाचा आराखडा मागितला. नुसता मागितला. असे आराखडे दहा जणांकडून मागवतात आणि त्यांतल्या नऊ जणांना पुन्हा फोनही येत नाही. काकांच्या कानावर हे गेलं, कारण मीच घातलं. रविवारी सकाळी सिंधी कॉलनीतून आणलेलं दाल-पकवान मध्ये ठेवून वाद सुरू झाला. पुढे तो जिन्यात, गच्चीवर आणि एकदा स्टेशनच्या पुलावरही चालला. त्यातला कामाचा भाग इथे देतो.

ताई : पहिला भाग १६६६ साली, राजगडावर उघडतो. एक लहान मुलगी सागरगोटे खेळतेय. बायका तिला आत नेतात आणि तिचं कुंकू पुसतात. का, ते तिला कळत नाही. महाराज आग्र्याहून निसटून परत आलेत, शंभूराजांना मथुरेत ठेवलंय, आणि मोगलांचा शोध थांबावा म्हणून पोर वाटेत वारलं अशी हूल उठवलीय. नवरा जिवंत आहे आणि बायको विधवा. तिच्या चेहऱ्यावर फ्रीज, मग शीर्षकगीत.

काका : झकास. पुरावा?

ताई : हूल उठवल्याचं इतिहासात आहे की.

काका : हूल आहे. १२ मे १६६६ला आग्र्याचा दरबार, १७ ऑगस्टला सुटका, नऊ वर्षांचे शंभूराजे मथुरेत मोरोपंतांच्या मेहुण्यांकडे, हे सगळं आहे. पण कुंकू कुठे आहे? ते कादंबरीकारांनी पुसलं, आणि मालिकावाल्यांनी मग लावूच दिलं नाही.

ताई : काका, नवरा गेल्याची बातमी गडावर पसरवायची आणि सुनेच्या कपाळावर कुंकू ठेवायचं, हे जमेल का? मोगलांचे हेर काय आंधळे होते? घरच्यांनी तेवढं नाटक केलंच असणार.

काका : 'असणार' हा इतिहासातला शब्द नाही.

ताई : माझ्या धंद्यातला आहे. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट घ्या, आपल्याच मुलखातली. १६५७च्या ऑक्टोबरात महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, हे खरं. त्या सुनेला चोळी-बांगडी देऊन सन्मानानं परत पाठवल्याचा समकालीन पुरावा काय? तरी दुर्गाडीच्या पायथ्याशी उभं राहून ती गोष्ट कितीदा सांगितली असेल तुम्ही?

काका गप्प बसले, म्हणजे पकवान मोडायला लागले. कल्याणला त्यांची सासुरवाडी आहे. ही गोष्ट ते नातवंडांना गेली कित्येक वर्षं सांगत आलेत, आणि त्यात दरवेळी एखादं नवीन वाक्य असतं.

काका : माझा आक्षेप गोष्टीला नाहीच मुळी. त्या घाईला आहे. आमच्या वेळी दूरदर्शनवर 'स्वामी' लागायची. रणजित देसाईंची कादंबरी, गजानन जागीरदारांचं दिग्दर्शन, माधवराव रवींद्र मंकणी आणि रमाबाई मृणाल देव. आठवड्यातून एकदा. कुणी काही मनात आणलं, तर ते चेहऱ्यावर यायला वेळ मिळायचा. तुमच्याकडे मनात यायच्या आत ढोल वाजतो.

ताई : तुमच्या वेळी रिमोट नव्हता, आणि दाबायला दुसरं बटणही नव्हतं. माझ्याकडे बावीस मिनिटं आहेत आणि दर गुरुवारी टीआरपी येतो. पहिल्या भागानं प्रेक्षकाला एकच गोष्ट सांगायची असते : या बाईचं पुढे काय होतं ते बघायला उद्या याच वेळी बसा. कुंकू पुसलेली पोर ते एका मिनिटात सांगते. तह, मनसब, किल्ल्यांची यादी यांनी ते होत नाही.

काका : पुरंदरचा तह घे. ११ जून १६६५. तेवीस किल्ले गेले आणि आठ वर्षांच्या पोराच्या नावानं पाच हजारी मनसब आली. तो पोर मिर्झाराजांच्या छावणीत ओलीस. आणि त्याचा जन्म कुठला? पुरंदरचाच. यात तुला नाट्य दिसत नाही?

ताई : दिसतं ना. पण ती शंभूराजांच्या मालिकेची सुरुवात झाली, आणि ती मालिका होऊन गेली.

हे खरंच आहे. झी मराठीवरची 'स्वराज्यरक्षक संभाजी' २४ सप्टेंबर २०१७ला सुरू झाली आणि २९ फेब्रुवारी २०२०ला संपली. अमोल कोल्हे त्यात संभाजी होते. त्याआधी २००८ साली स्टार प्रवाह वाहिनीबरोबरच सुरू झालेल्या 'राजा शिवछत्रपती'त तेच शिवाजी महाराज होते. एकाच नटाने वडील आणि मुलगा दोघेही करावेत, असा योग रंगभूमीवरही क्वचित येतो. पण काकांना बोलायचं होतं ते दुसऱ्याच कलावंताबद्दल.

काका : शंभूराजांच्या त्या मालिकेतल्या सोयराबाई कोण? स्नेहलता वसईकर. पुढे २०२१ साली सोनीवर हिंदीत 'पुण्यश्लोक अहिल्याबाई' आली. त्यात अहिल्याबाईंच्या सासूबाई गौतमाबाई कोण? पुन्हा त्याच. बाई गुणी आहेत, प्रश्न त्यांचा नाही. पण तुमच्या पंगतीत करारी राणीचं एक पान ठरलेलं असतं. त्यावर कधी सावत्र आई बसवायची, कधी सासू.

ताई : गौतमाबाई काही खलनायिका नव्हत्या त्यात.

काका : नव्हत्या. पण पहिल्या आठवड्यात आमच्याकडच्या सगळ्या बायकांनी ठरवून टाकलं होतं, की या पोरीला आता ही छळणार. सोयराबाईंचं तर विचारूच नको. विष घालणारी राणी, एवढीच त्यांची ओळख उरलीय. आता मला सांग, ज्यांचं राज्य हिरावलं जाणार होतं त्या संभाजीराजांनी स्वतः काय लिहून ठेवलंय?

ताई : दानपत्र.

काका : बाकरे शास्त्र्यांना दिलेलं संस्कृत दानपत्र, १६८०चं. महाराज एप्रिलात गेले, त्याच साली. सोयराबाईंच्या मुलाला, राजारामांना, मंचकावर बसवून झालं होतं, कट उघडा पडला होता. राग धरायचाच तर तेव्हा धरायचा. आणि त्या दानपत्रात हा माणूस सावत्र आईला स्फटिकासारख्या निर्मळ मनाची म्हणतो, दोष मंत्र्यांना देतो. साडेतीनशे वर्षांनी तुम्ही तिच्या डोळ्यांत काजळ घालता!

ताई : दानपत्र म्हणजे राजानं काढलेला जाहीर कागद. घरातलं भांडण चावडीवर कोण सांगतं? पुढल्या वर्षी, १६८१ला, सोयराबाई गेल्या, मंत्री अण्णाजी दत्तोंना हत्तीच्या पायी दिलं. तेव्हा तो निर्मळ स्फटिक कुठे गेला होता?

इथे ताईचा मुद्दा बिनतोड होता, असं मला वाटलं. राजाच्या जाहीर कागदात सौजन्य असतंच. पण काकांचा मुद्दाही त्यामुळे पडत नाही. कागदातलं सौजन्य खोटं धरायचं, तर बखरीतला विखार खरा का धरायचा? संभाजीराजांची दुर्व्यसनी, अविचारी अशी जी मूर्ती दीडशे वर्षं चालली, तिचा मोठा आधार मल्हार रामराव चिटणीसांची बखर. ती लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी. लिहिणाऱ्याचे पूर्वज बाळाजी आवजी चिटणीस. अण्णाजींबरोबर संभाजीराजांनी ज्यांना देहान्त दिला, त्यांत हेही होते. म्हणजे बखर हीसुद्धा एका घराण्याने दुसऱ्या घराण्याबद्दल सांगितलेली कौटुंबिक कथाच आहे. वा. सी. बेंद्र्यांनी १९६० साली आणि त्यानंतर कमल गोखल्यांनी कागदपत्रं समोर ठेवून ती मूर्ती बदलली. तोवर मराठी नाटककारांची तीन-चार पिढ्यांची कमाई बखरीवरच चालली होती.

त्या नाटककारांत राम गणेश गडकरीही आले. त्यांचं 'राजसंन्यास' अपुरं राहिलं. त्यातल्या संभाजीच्या चित्रणावरून जानेवारी २०१७मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला त्यांचा पुतळा काढून मुठेत टाकण्यात आला. त्याच वर्षी सप्टेंबरात संभाजीराजांची मालिका सुरू झाली आणि घराघरांत त्यांच्यासाठी डोळे पुसले गेले. आम्ही ठाणेकर मात्र ऐतिहासिक नाटक बघायला तलावपाळीवर जातो, ते राम गणेश गडकरी रंगायतनातच. १९७८पासून ते नाव तिथे आहे, आणि त्यात कुणाला अडचण वाटल्याचं ऐकिवात नाही. हे शहाणपण म्हणायचं की आळस, ते वाचकांनी ठरवावं.

ताई : आणि काका, तुमचं ते लाडकं नाटक कसलं होतं? कानेटकरांनी १९६२ साली काय लिहिलं? दोन मुलगे, दोन आया, मधे सापडलेला बाप आणि काशिनाथ घाणेकरांचा चिडलेला पोरगा. लढाई आहे त्यात एक तरी? गड चढतं कुणी? सगळं घरात! तुम्ही विंगेत बसून डेली सोपच प्रॉम्प्ट करत होतात.

काका : तीन तासांत संपत होतं ते. आणि त्यात शिवाजीराजे बाप म्हणून हरतात, याची लाज लेखकाला वाटत नव्हती. तुमच्याकडे कुणी हरतच नाही. हरायची वेळ आली की सगळं दुसऱ्या बाईच्या कारस्थानावर ढकलता.

मी इतका वेळ ऐकत होतो. इथे मध्ये पडलो, कारण काकांच्या बोलण्यात एक गृहीत होतं : घरातलं ते खालच्या दर्जाचं आणि दरबारातलं ते खरं. ठाण्यात राहणाऱ्याने तरी असं म्हणू नये. स्टेशन ओलांडून पश्चिमेला गेलं की ज्याला आपण सेंट्रल जेल म्हणतो, तो ठाण्याचा किल्ला आहे. बांधायला घेतला पोर्तुगीजांनी. १७३७च्या मार्चमध्ये मराठ्यांनी खाडी ओलांडून तो घेतला, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत. मग तो गेला कसा? ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलता-पुतण्याचं ते भांडण. राघोबादादांनी गादीसाठी इंग्रजांकडे हात पसरला. इंग्रजांनी वाट न बघता डिसेंबर १७७४मध्ये ठाण्याचा किल्ला जिंकूनच घेतला, आणि मार्च १७७५च्या सुरतेच्या तहात दादांनी साष्टी-वसई त्यांच्या नावावर लिहून दिली. वसई पुढे परत आली, साष्टी आली नाही. कोपरीच्या खाडीकाठी पुढे जे जे झालं, रेल्वेपासून फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांच्या वसाहतीपर्यंत, ते सगळं या एका भाऊबंदकीनंतरचं आहे. राजेशाहीत वारसा म्हणजेच राज्यघटना. गादीवर कोण, हा प्रश्न माजघरात सुटायचा किंवा चिघळायचा. त्यामुळे मालिका माजघरात कॅमेरा नेते, यात काही चूक नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कॅमेरा तिथे पोचला की त्याला राज्य दिसेनासं होतं आणि फक्त दागिने दिसतात.

काका : मग माझंच म्हणणं सांगतोयस तू. येसूबाईंचा पहिला भाग १६८९च्या फेब्रुवारीत, रायगडावर. संगमेश्वरी राजे पकडले गेलेत. अजून मारलेले नाहीत, हे लक्षात घे. तुळापूरला ११ मार्चला मारले. मधले पाच-सहा आठवडे रायगडावर एकच प्रश्न आहे : गादीवर कोण? येसूबाईंचा मुलगा शाहू, वय सात वर्षांच्या आत. आणि दीर राजाराम, एकोणिशीचे. याच दिराला नऊ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या विरोधात गादीवर बसवलं होतं, आणि नवऱ्यानं तेव्हापासून नजरकैदेत ठेवलं होतं. तुझ्या मालिकेत अशी वहिनी काय करील?

ताई : मुलाला पुढे करील. दिराला कोंडूनच ठेवील. शंभर भाग आरामात निघतील.

काका : आणि येसूबाईंनी काय केलं? दिराला मोकळं केलं, त्यांचं मंचकारोहण करवलं. नवरा शत्रूच्या कैदेत जिवंत असताना! २५ मार्चला वेढा पडला, ५ एप्रिलला राजाराम गडाबाहेर निसटले आणि पुढे जिंजीला पोचले. येसूबाई स्वतः पोराला घेऊन गडावर राहिल्या. नोव्हेंबरपर्यंत गड लढला, मग मोगलांच्या हवाली झाला. तिथून जी कैद सुरू झाली ती संपली १७१९ला.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं ते मला आवडलं.

ताई : या निर्णयात येसूबाईंचा हात किती, आणि प्रधानांचा किती?

काका : तिची संमती नसती तर गादीचा खरा वारस बाजूला सारणं कुणाला जमलं असतं? श्री सखी राज्ञी जयति, असा शिक्का होता तिचा. संभाजीराजे मोहिमेवर असताना कारभार बघायची. शोभेची राणी नव्हती ती.

ताई : तरी 'असणार'वर आलातच तुम्ही.

काका हसले. वादात ते एवढ्यावर हसतात, म्हणजे त्यांना पटलेलं असतं.

ताई : मला त्यातलं काय भावलं सांगू? माझ्या पहिल्या प्रसंगात नवरा जिवंत असताना तिला विधवा ठरवतात. तुमच्यात नवरा जिवंत असताना ती स्वतः त्याच्या गादीची व्यवस्था लावते. माझ्या प्रसंगात ती काहीच करत नाही, सगळं तिच्याबाबतीत केलं जातं. पण अडचण कळतेय का? तुमच्या प्रसंगात वाईट कुणीच नाही. औरंगजेब आहे, पण तो लांब, छावणीत. गडावर दीर चांगला, वहिनी चांगली, प्रधान घाबरलेले पण निष्ठावंत. मग ताण कुठून आणू? भाऊ घालू का, गणोजी शिर्के?

काका : घाल, आणि माफी मागायची तयारी ठेव.

हा टोमणा ताज्या घटनेवरचा होता. २०२५च्या फेब्रुवारीत आलेल्या 'छावा' चित्रपटात शिर्क्यांना फितूर दाखवल्यावर त्या घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. त्याआधी झलक बघूनच राजा-राणीच्या लेझीमवर गदारोळ झाला होता आणि ते दृश्य कापावं लागलं होतं. गणोजी हे येसूबाईंचे सख्खे भाऊ, शिवाय महाराजांचे जावई. वतनाचा वाद होता आणि ते मोगलांना मिळाले. पण संगमेश्वरची वाट त्यांनीच दाखवली का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. राणीच्या खलनायिका होण्यावर मात्र सहसा कुणाचे वंशज पत्रकार परिषद घेत नाहीत. सोयराबाई मालिकावाल्यांना एवढ्या सोयीच्या का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

ताण कुठून आणायचा, याचं उत्तर आमच्या वादात नसलेल्या माणसाने दिलं. शेजारच्या सिंधी आंटी दाल-पकवानाचा रिकामा डबा न्यायला आल्या होत्या. त्या मराठी मालिका नेमाने बघतात आणि शब्द अडला की आम्हाला विचारतात. ताईने त्यांना थोडक्यात प्रसंग सांगितला.

आंटी : किल्ला सोडताना ती काय घेऊन निघाली?

काका : त्याची नोंद नसते हो.

आंटी : आमच्याकडे आहे ना. माझी आई सिंधमधून निघाली तेव्हा किल्ल्या घेऊन निघाली, घराच्या. कुलूप तिकडे, किल्ली कोपरीत. परत जाऊ, असं वाटलं होतं तिला. तुमच्या राणीला वाटत होतं का, परत येऊ म्हणून?

काकांकडे याला तारीख नव्हती. ताईने मात्र वही उघडली. काय लिहिलं ते दाखवलं नाही, पण नंतर गच्चीवर बोलताना म्हणाली, की ताणासाठी वाईट माणूस लागतोच असं नाही. ज्याला पुढचं माहीत नाही असं माणूस आणि ज्याला ते माहीत आहे असा प्रेक्षक, एवढं पुरतं. वेढा पडतोय, दीर निघालाय, आणि आपल्याला ठाऊक आहे की ही बाई जवळजवळ तीस वर्षं परतणार नाही. तिला ते ठाऊक नाही.

काकांनी तरीही एक शेवटचा प्रयत्न केला. पहिला भाग थेट १७१९ला दिल्लीत का नको? बाळाजी विश्वनाथ सैन्य घेऊन दिल्लीत आहेत, बरोबर कोवळा बाजीराव. फर्रुखसियरला गादीवरून ओढलंय, शहरात दंगल उसळून शेकडो मराठे कापले गेलेत, नाना फडणविसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू त्यांतलेच. आणि या गोंधळातून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदांबरोबर एक वयस्क बाई दक्षिणेकडे निघते. मला हे दृश्य मोहवून गेलं. ताईने एका वाक्यात निकालात काढलं : दिल्लीच्या दंगलीचा सेट कुणी देणार नाही, आणि पहिल्याच भागात सुटका दाखवली तर उद्या कोण बसेल?

पैशाचा मुद्दा तिने हसत मांडला, पण तोच बहुतेक वेळा निर्णायक असतो. ऐतिहासिक मालिकेत लढाई महाग आणि माजघर स्वस्त. दोन राण्या, एक दासी, एक समई, अर्ध्या दिवसात चार प्रसंग उरकतात. खलनायिका वाढतात त्यामागे लेखकांची दुष्टबुद्धी असतेच असं नाही. घोडे भाड्याने आणावे लागतात आणि कटकारस्थान फुकट मिळतं. हे कळल्यावर काकांचा राग थोडा निवळला, माझा वाढला. कारण १६८९चा तो प्रसंगही माजघरातलाच आहे. दोन-तीन माणसं, एक झोपलेलं पोर, बाहेर पहारा. तेवढ्याच समईत, तेवढ्याच पैशांत तो होतो. मग तो न करता आपण दर वेळी विषाची वाटीच का दाखवतो?

आराखडा ताईने आता पाठवला आहे. साल काकांचं घेतलं, खोली तिची स्वतःची. दरबार दिसतच नाही. नजरकैदेतून आणलेला दीर वहिनीसमोर बसलेला आहे आणि दोघं नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ बोलतायत. कुंकवाची गोष्ट तिने सोडलेली नाही. ती पुढच्या भागात येसूबाईंच्या आठवणीत येते, आणि 'असं सांगतात' हे शब्द ऐकू येतील अशा बेताने येते. काकांनी हे चालवून घेतलं. त्यांना सर्वांत आवडलं ते हे, की राजाराम वहिनीजवळ आपल्या आईबद्दल एक वाक्य बोलतो आणि येसूबाई ते खोडत नाहीत.

माझं मत विचाराल तर मी या आराखड्याच्या बाजूने आहे, आणि तो नाकारला गेला तर कुठल्या कारणाने जाईल याचाही अंदाज आहे : "यात निगेटिव्ह कोण?" पहिल्या भागाला खलनायिका लागतेच, हा वाहिन्यांचा समज आपण प्रेक्षकांनीच पोसला आहे. अशी मालिका आली, तर पाचव्या मिनिटाला कुणी वाईट दिसलं नाही म्हणून चॅनेल बदलू नका. निदान पहिला आठवडा बघा. गुरुवारच्या आकड्यांत तेवढंच मोजलं जातं.